वॉटर कूलिंगमध्ये बदल नेमका कुठे करायचा?

घरी जोडलेल्या पीसीला वॉटर कूलिंग बसवले की काही वर्षांनी एक प्रश्न हमखास पुढे येतो. प्रोसेसर बदललेला असतो, ग्राफिक्स कार्ड आधीपेक्षा जास्त वीज खाऊ लागलेले असते, उन्हाळ्यात पंख्यांचा आवाज खोलीभर होतो. मग जुन्या यंत्रणेत बदल कुठे करायचा? एक जण सांगतो, रेडिएटर मोठा घे. दुसरा म्हणतो, पंप दुबळा आहे. तिसरा ब्लॉक आणि थर्मल पेस्टकडे बोट दाखवतो, चौथा नळ्या आणि कूलंटकडे, आणि पाचवा म्हणतो, हे सगळे काढून हवेचा चांगला कूलर बसव. पाचही जणांकडे आपापले आकडे असतात आणि ते खोटे नसतात. या भूमिका इथे क्रमाने मांडायच्या आहेत. त्या मांडताना माझे म्हणणे एवढेच, की हा वाद बराचसा अपुऱ्या मोजणीतून उभा राहिला आहे. चिपचे तापमान एकाच आकड्यात न पाहता चिपपासून खोलीपर्यंत त्याची फोड केली, तर कोण कुठे बरोबर आणि कुठे चूक हे बहुतेक वेळा ठरवता येते. नेहमी नाही, त्या जागांचाही उल्लेख पुढे येईल.

मेनफ्रेमपासून कॅबिनेटपर्यंत

पाण्याने संगणक थंड करणे हा हौशी मंडळींचा शोध नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या यंत्रांत पाणी खेळवले होते. १९८० च्या ३०८१ या मेनफ्रेममध्ये प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या, भोवती हीलियम आणि वर थंड पाण्याची पाटी अशी बारीक रचना होती. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात तर सर्किट बोर्डच फ्लुओरिनर्ट या विद्युतरोधक द्रवात बुडवलेले असत. पुढे सीमॉस तंत्राच्या चिप आल्या, त्यांना वीज पुष्कळ कमी लागे, आणि नव्वदच्या दशकात मोठी यंत्रेही हवेवर चालू लागली. त्याच सुमारास घरच्या संगणकाचा उलटा प्रवास सुरू झाला. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालवला की ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झवर जाई. ओव्हरक्लॉकिंगचे वेड तिथून पसरले, आणि मोटारीच्या हीटरचा रेडिएटर, फिश टँकचा पंप आणि यंत्रावर कोरून घेतलेला तांब्याचा ठोकळा यांची जुळवाजुळव करून पहिल्या घरगुती यंत्रणा उभ्या राहिल्या. तयार सुटे भाग विकणाऱ्या कंपन्या २००० च्या आगेमागे आल्या. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलमध्ये पाणी वापरले. ते तंत्र दुकानातल्या तयार संगणकात पोचले खरे, पण काही वर्षांनी गळतीच्या तक्रारीही त्याच्यामागे लागल्या.

आजच्या बाजारावर सर्वांत मोठा ठसा मात्र बंद यंत्रणेचा, म्हणजे एआयओचा आहे. डेन्मार्कच्या आसेटेकने पंप आणि थंड पाटी एकाच डबीत बसवली, आणि तिच्याच तंत्रावर कॉर्सेरचा एच५० हा कूलर २००९ मध्ये आला. भरायचे काही नाही, फिटिंग आवळायचे नाही, स्क्रू लावले की काम झाले. पंप ब्लॉकवर ठेवण्याच्या याच रचनेच्या पेटंटवरून आसेटेकचे कूलर मास्टर आणि कूलआयटीशी अमेरिकेत खटले झाले, आणि काही उत्पादकांनी पंप रेडिएटरमध्ये किंवा नळीच्या अध्येमध्ये बसवायला सुरुवात केली. एआयओमुळे दोन वेगळे ग्राहक तयार झाले. एकाला बदल म्हणजे जुने काढून नवे खोके बसवणे. दुसऱ्याला, सुट्या भागांचा लूप असणाऱ्याला, बदल म्हणजे एखादा भाग निवडून तेवढाच बदलणे. या लेखाचा रोख दुसऱ्याकडे आहे, पण पहिल्यालाही फोड तीच लागू पडते. जाता जाता नोंदवायला हवे की मोठी यंत्रे पुन्हा पाण्याकडे वळली आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये सुरू झालेल्या परम ब्रह्म महासंगणकात चिपवर थेट पाटी बसवून द्रव खेळवण्याचीच पद्धत आहे.

तापमानाची फोड

स्क्रीनवर दिसणारा प्रोसेसरचा आकडा तीन पायऱ्यांची बेरीज असतो. खोलीचे तापमान, त्यावर पाणी खोलीपेक्षा जितके गरम आहे तो फरक, आणि त्यावर चिप पाण्यापेक्षा जितकी गरम आहे तो फरक. समजा खोली ३० अंशांवर आहे, पाणी ३८ वर आणि प्रोसेसर ९० वर. पहिला फरक ८ अंशांचा, दुसरा ५२ चा. आता रेडिएटर दुप्पट केला, पंखे तेवढ्याच वेगाने फिरत राहिले, तर ८ चे फार तर ४ होतील आणि प्रोसेसर ८६ वर येईल. इतका खर्च करून चारच अंश उतरले म्हणून माणूस वैतागतो आणि वॉटर कूलिंगलाच नावे ठेवतो. याला आपल्याकडे रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात. त्याच लूपमध्ये फक्त ग्राफिक्स कार्ड असते आणि आकडे खोली ३०, पाणी ४५, कार्ड ५८ असे असते, तर रेडिएटर दुप्पट करण्याचा निर्णय अगदी योग्य ठरला असता, कारण तिथे मोठा फरक पाणी आणि खोली यांच्यामधलाच आहे.

दोन्ही उदाहरणांतला हा विरोध मुद्दाम रचलेला नाही. चिपच्या घडणीतच तो आहे. आरटीएक्स ४०९० ची चिप सुमारे ६०९ चौरस मिलिमीटरची आणि कार्डाची वीजमर्यादा ४५० वॉट. त्यातली काही वीज मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागांत जाते, तरी सगळी चिपमध्येच जाते असे धरले तरी दर चौरस मिलिमीटरला पाऊण वॉटच्या आसपास उष्णता पडते. शिवाय चिप उघडी असते, ब्लॉक थेट तिच्यावर बसतो. झेन ४ पिढीच्या रायझनमध्ये कोअर असलेला एक तुकडा सुमारे ७१ चौरस मिलिमीटरचा आहे. त्यातून १०० वॉट निघाले तर दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ दीड वॉट होतात, आणि त्याच्यावर धातूचे जाड झाकणही असते. एवढ्या छोट्या जागेतून उष्णता बाहेर काढतानाच सगळा फरक खर्ची पडतो. पुढे पाणी कितीही थंड असो. म्हणून ७९५०एक्सच्या मालकाने आणि ४०९० च्या मालकाने एकमेकांचे सल्ले घेऊ नयेत, निदान आकडे ताडल्याशिवाय तरी नाही.

ही फोड करायला पाण्याचे तापमान ठाऊक हवे, आणि नेमका तोच आकडा बहुतेक यंत्रणांत मोजलेला नसतो. फिटिंगसारखा आवळता येणारा साधा थर्मिस्टर आणि तो वाचणारे मदरबोर्डवरचे किंवा वेगळे कंट्रोलर एवढे पुरते. चाचणीही घाईने उरकता येत नाही. एका लिटर पाण्याला एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. ६०० वॉटचा भार असेल तर तेवढी उष्णता सात सेकंदांत जमा होते. रेडिएटर काहीच फेकत नसता तर पाणी दोनेक मिनिटांत १५ अंश चढले असते; तो फेकत असतो, म्हणून पाणी स्थिरावायला वीस मिनिटे, अर्धा तास जातो. मोठी टाकी बसवली की संगणक थंड राहतो हा समज इथेच निकालात निघतो. टाकीमुळे चढण लांबते, माथा तोच राहतो.

रेडिएटरवाद्यांचे म्हणणे

सर्वांत जुनी आणि सर्वांत लोकप्रिय भूमिका क्षेत्रफळाची. दर १२० मिलिमीटर रेडिएटरमागे १०० वॉट असा ठोकताळा वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो निराधार नाही, पण त्याच्या पोटात दोन अटी दडलेल्या आहेत: पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश गरम चालेल, आणि पंखे मध्यम वेगाने फिरतील. अटी बदलल्या की ठोकताळाही बदलतो. नावातल्या आकड्यांनीही फसायला होते. ३६० च्या रेडिएटरचे तोंड ४३२ चौरस सेंटिमीटरचे आणि २८० चे ३९२ चे, म्हणजे दोहोंत साधारण दहा टक्क्यांचाच फरक आहे. पण २४० चे २८८ च भरते. कॅबिनेटमध्ये २८० मावत असताना ३६० साठी नवे कॅबिनेट घेणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. जाडीचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. ६० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर ३० मिलिमीटरच्या दुप्पट काम कधीच करत नाही, कारण आतल्या थरांपर्यंत पोचेतो हवा तापलेली असते. जास्त दाबाचे पंखे वेगाने फिरवले तरच जाडीचा काही भाग वसूल होतो.

या पक्षाची खरी बाजू आवाजाची आहे, आणि ती दुबळी मांडली जाते असे मला वाटते. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच होते. मोठे क्षेत्रफळ असेल तर निम्मी हवा पुरते. म्हणजे दोन-चार अंशांसाठी घेतलेला दुसरा रेडिएटर तापमानात निराश करतो, पण तेच तापमान कायम ठेवून पंखे मंद केले तर तोच रेडिएटर खोली शांत करतो. नऊ पंख्यांचा, कॅबिनेटबाहेर ठेवायचा मो-रा हा जर्मन रेडिएटर इतकी वर्षे टिकून आहे तो याच कारणाने. त्यासाठी पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर न बांधता पाण्याच्या तापमानावर बांधावा लागतो. प्रोसेसर क्षणात तीस अंश वरखाली होतो, पंखे त्याच्यामागे धापा टाकतात. पाणी संथ असते. बदलाच्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी दिला जातो.

आपल्या हवामानात क्षेत्रफळाला आणखी एक वजन आहे. रेडिएटर पाण्याला खोलीच्या खाली नेऊ शकत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद खोली ४० अंशांच्या वर जाते. पाणी तिच्याहून १५ अंश गरम झाले तर ५५ ओलांडते. पीसीसाठी विकल्या जाणाऱ्या डी५ पंपाची कमाल मर्यादा साधारण ६० अंशांची, आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही त्या सुमारास मऊ पडू लागतात. थंड देशात १५ अंशांचा फरक चालून जातो, विदर्भातल्या उन्हाळ्यात तो काठावर आणून ठेवतो. एसी लावतो, मग काय प्रश्न, असे कोणी म्हणेल. पण ७०० वॉटचा संगणक ती सगळी उष्णता खोलीतच ओततो, पाण्याने थंड केलेला असो की हवेने. एक टन क्षमतेच्या एसीचा पाचवा हिस्सा त्याच्यासाठीच खर्ची पडतो. आणि धुळीचे काय? दाट पात्यांचा रेडिएटर कागदावर सरस असतो, पण रस्त्यालगतच्या घरात काही महिन्यांत त्याच्या तोंडावर धुळीचा नमदा बसतो. विरळ पात्यांचा, कमी दाबाच्या पंख्यांवर चालणारा आणि ब्लोअरने सहज साफ होणारा रेडिएटर अशा घरी उजवा.

पंपाची ताकद

दुसरी भूमिका प्रवाहाची. तिचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि भार ६०० वॉटचा असेल, तर लूपच्या एका फेरीत पाणी साडेआठ अंशांहून थोडे जास्त तापते. दोन लिटरला हा फरक सव्वाचार अंशांवर येतो, चार लिटरला दोनच्या आसपास. पहिल्या टप्प्यावर कमाई भरपूर, पुढे पैसा जातो आणि अंश सरकत नाही. ब्लॉकच्या आतही तसेच घडते: प्रवाह वाढला की पाणी पात्यांवर जास्त घुसळते आणि उष्णता लवकर उचलते, पण मिनिटाला चार लिटरच्या पुढे हा लाभ बारीक होत जातो. याच हिशेबातून क्रमाचा वादही मिटतो. आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, मध्ये रेडिएटर हवा की नको, यावर लोक हिरिरीने बोलतात. पुरेसा प्रवाह असेल तर लूपमधल्या कुठल्याही दोन ठिकाणच्या पाण्यात एक-दोन अंशांचाच फरक असतो. क्रमाचा एकच नियम पाळायचा: टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्याहून वर, म्हणजे पंप कोरडा फिरत नाही. या पंपांच्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच.

पंपाच्या खोक्यावरचे आकडेही जपून वाचायला हवेत. डी५ ताशी १,५०० लिटर देतो तो समोर काहीही अडथळा नसताना. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि डझनभर फिटिंग लागली की ताशी दोन-तीनशे लिटर मिळाले तरी चांगले. बारीक खाचांचा ब्लॉक प्रवाह सर्वांत जास्त अडवतो, म्हणून लूपमध्ये तिसरा ब्लॉक घालणाऱ्याने पंपाचा विचार करावा. नुसता रेडिएटर वाढवणाऱ्याने सहसा करू नये. दुसरा पंप घ्यायचे सर्वांत सबळ कारण तापमानात नाहीच. एक पंप बंद पडला तर दुसरा पाणी फिरवत ठेवतो. दिवसरात्र रेंडरिंग करणाऱ्याच्या कामी ते येते, संध्याकाळी गेम खेळणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

चिप आणि ब्लॉक यांच्यामध्ये

तिसरी भूमिका संपर्काची, आणि गेल्या काही वर्षांत जे नवे हाती लागले ते बहुतेक इथेच. रायझनमधले कोअर झाकणाच्या मधोमध नसतात, एका कडेला असतात. ब्लॉक काही मिलिमीटर त्या बाजूला सरकवून बसवला की बरेचदा दोन-तीन अंश उतरतात, आणि आता काही उत्पादक तशी पट्टी सोबतच देतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये मदरबोर्डचा खटका प्रोसेसरला मध्यावर दाबतो आणि झाकण किंचित वाकते; त्याऐवजी चारी बाजूंनी सारखा दाब देणारी चौकट २०२२ पासून मिळू लागली. थर्मल पेस्ट काळाच्या ओघात कडेला ढकलली जाते, म्हणून तिच्या जागी तापल्यावर मऊ होणारी हनीवेलची पीटीएम७९५० ही चकती वापरण्याकडे कल वाढला आहे. त्यापुढची पायरी म्हणजे झाकणच काढून ब्लॉक थेट चिपवर टेकवणे. लाभ इथे सर्वांत मोठा आणि धोकाही. झाकण काढताना चिपच्या कडेचा एखादा कण उडाला तर प्रोसेसर गेला, वॉरंटी तर आधीच गेलेली. द्रव धातूची पेस्ट उष्णता फार चांगली वाहते, पण तिच्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला खाते आणि ती वीजवाहकही आहे.

या पक्षावर एक रास्त आक्षेप आहे: एवढी उठाठेव करूनही आकडा खाली येत नाही. रायझन ७००० मालिका मुद्दाम ९५ अंशांपर्यंत चढते, त्या मर्यादेत जितका वेग मिळेल तितका घेते. कूलिंग सुधारले की प्रोसेसर थंड होण्याऐवजी वेगवान होतो. म्हणून अशा चिपवर तापमान हे यशाचे माप नव्हेच. क्लॉक आणि वॉट पाहावे लागतात. फोड इथेही उपयोगी पडते, फक्त तिला भाजक हवा. चिप आणि पाणी यांच्यातल्या फरकाला त्या क्षणीच्या वॉटने भागले की दर वॉटला किती अंश हे कळते. बदलानंतर तो भागाकार उतरला असेल तर बदल लागू पडला, मग पडद्यावर ९५ दिसोत की ८५. उलटही खरे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले जे अस्थैर्य २०२४ मध्ये गाजले त्यावर कंपनीचा इलाज मायक्रोकोडमधून व्होल्टेजला आवर घालण्याचा होता. रेडिएटर बदलून तो प्रश्न सुटणारा नव्हता.

धातू, पाणी आणि साका

चौथ्या भूमिकेला मी सर्वांत जास्त जागा द्यायला तयार आहे, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तीन वर्षे न उघडलेला प्रोसेसर ब्लॉक उघडला की आत काय दिसते? वरचे ॲक्रिलिकचे झाकण निघते, त्याखाली पाण्याची धार मधोमध सोडणारी पातळ फटीची पट्टी, आणि तिच्याखाली तांब्याची पात्यांची जाळी. दोन पात्यांमधली फट मिलिमीटरचा चौथा हिस्साही नसते. मऊ पीव्हीसी नळ्यांतून झिरपणारे प्लॅस्टिसायझर, रंगीत कूलंटमधले कण, शेवाळ, हे सगळे तिथेच येऊन अडकते. धारेच्या बरोबर खाली पांढुरका किंवा हिरवट साका रेषेसारखा जमलेला असतो. अशा लूपचा प्रवाह घटलेला असतो आणि चिप-पाणी फरक वाढलेला असतो. नवा ब्लॉक घेतला तर आकडे सुधारतील, पण जुनाच टूथब्रशने आणि डिस्टिल्ड वॉटरने धुतला असता तरी सुधारले असते. म्हणून बदल करण्यापूर्वीची मोजणी साफ केलेल्या लूपवरच व्हायला हवी. नाहीतर नव्या भागाच्या नावावर जमा होणारे श्रेय खरे ब्रशचे असते.

धातूंचा नियम निर्विवाद आहे: तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवू नयेत. दोघांच्या विद्युत विभवात इतके अंतर आहे की ॲल्युमिनियम झिजत जाते. बहुतेक एआयओमध्ये मात्र तांब्याची पाटी आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्रच असतात. कारखान्यात भरलेले गंजरोधक आणि बंद नळ्या यांच्या जोरावर ते काही वर्षे निभावते. त्या एआयओची नळी कापून त्याला दुसरा रेडिएटर जोडायचा मोह होतो तो म्हणूनच टाळावा. आत काय भरावे यावर मात्र एकमत नाही. शुद्ध डिस्टिल्ड वॉटर उष्णता सर्वांत चांगली वाहते, पण ते धातूंतून आयन उचलते आणि त्यात शेवाळ धरते. ग्लायकॉलचे मिश्रण दोन्हीपासून वाचवते, मात्र निम्मे इथिलीन ग्लायकॉल घातले तर उष्णता धरण्याची क्षमता सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते आणि द्रव घट्ट होतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ते विषारी आहे हेही लक्षात ठेवावे. कमी प्रमाणातले प्रोपिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक हा आज बहुतेकांनी धरलेला मधला रस्ता. वीज न वाहणारे कूलंट म्हणून जे विकले जाते ते बाटलीत असेतो तसे असते. लूपमध्ये काही महिने फिरले की धातूंचे आयन मिसळतात आणि मदरबोर्डवर सांडल्यास ते साध्या पाण्याइतकेच घातक ठरू शकते. आपल्याकडे एक गैरसमज वेगळाच आहे. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. त्यात क्षार उरतात, आणि बोअरचे पाणी तर या कामाला अजिबातच नको.

नळ्यांच्या बाबतीत दिसणे आणि टिकणे यांची ओढाताण आहे. काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या वर्षानुवर्षे काही झिरपवत नाहीत, पण आतले रंगीत पाणी दिसत नाही. ॲक्रिलिकच्या कडक नळ्या उष्णतेला पीईटीजीपेक्षा चांगल्या तोंड देतात, कापताना तडकतात. वारंवार भाग बदलणाऱ्याने मऊ नळ्या आणि झटक्यात सुटणारे कपलिंग घ्यावे. कडक नळ्यांत एक रेडिएटर सरकला की सगळी वळणे नव्याने वाकवावी लागतात. गळतीची चाचणी आता पाणी भरण्याआधी हवेने करता येते. हातपंपाने अर्ध्या बारपर्यंत दाब देऊन काटा स्थिर राहतो का ते पाहायचे. डी५ चा कमाल दाब याहून कमीच, ०.४ बारच्या आतला असतो.

मुळात पाणी हवेच का?

पाचवी भूमिका संशयवाद्यांची, आणि तिची बाजू गेल्या दहा वर्षांत बळकट झाली आहे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४ चा हवेचा कूलर आजही मध्यम एआयओच्या बरोबरीने उभा राहतो, आणि थर्मलराइटच्या स्वस्त दुहेरी टॉवरनी तर किमतीचा सगळा हिशेबच बदलला. त्यांत पंप नाही, बाष्पीभवन नाही. शिवाय वीज कमी करण्याचा रस्ता आहेच: ७९५०एक्सला इको मोडमध्ये टाकले, ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा पाव हिश्श्याने उतरवली, तर उष्णता पुष्कळ घटते आणि वेग थोडाच. ७८००एक्स३डीसारख्या चिपवर गेम खेळणाऱ्याला मोठ्या लूपची गरज नाही, यावर जाणकारांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. पण हा युक्तिवाद प्रोसेसरपुरता आहे. आरटीएक्स ५०९० ची मर्यादा ५७५ वॉट आहे. एवढी उष्णता शांतपणे काढायची तर पाण्याची बाजू अजून जड आहे. अडचण अशी की ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक त्या एकाच बोर्डासाठी कोरलेला असतो. पंप, रेडिएटर, फिटिंग तीन-चार संगणकांना पुरतात, प्रोसेसरचा ब्लॉक नव्या पट्टीवर पुढच्या सॉकेटला बसतो, पण कार्ड विकले की त्याचा ब्लॉकही भंगारात. सर्वांत मोठा लाभ जिथे आहे तिथेच सर्वांत कमी टिकणारा खर्च आहे.

खोलीच्याही खाली जायचे म्हणणाऱ्यांचा एक छोटा पंथ आहे. इंटेलने २०२० मध्ये कूलर मास्टर आणि ईके या कंपन्यांबरोबर पेल्टिअर पाटीचे कूलर आणले आणि काही वर्षांतच त्यातून अंग काढून घेतले. वीज फार लागते, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असताना त्याहून थंड पाटीवर पाणी सुटणारच.

जे अजून सुटलेले नाही

एआयओ किती वर्षे टिकतो, यावर वॉरंटीचे आकडे आहेत, पाच-सहा वर्षांचे. बिघाडाचे आकडे उत्पादक जाहीर करत नाहीत. रबराच्या नळीतून पाणी हळूहळू उडून जाते आणि हा वेग उष्णतेने वाढतो एवढे तत्त्व ठाऊक आहे, पण कायम तापलेल्या खोलीत सहा वर्षांची चार होतात की पाच, हे ग्राहकाला कुठल्याच खोक्यावर वाचायला मिळत नाही. सुट्या भागांची शाश्वती हा दुसरा प्रश्न. २०२४ मध्ये ईके या स्लोव्हेनियातल्या मोठ्या कंपनीची आर्थिक ओढाताण उघड झाली, आणि बदल करत राहता येईल म्हणून घेतलेल्या यंत्रणेचे गॅस्केट आणि पट्ट्या पुढे कोण पुरवणार असा प्रश्न उभा राहिला. जी १/४ चे आटे सगळीकडे सारखे असल्याने फिटिंग कुठलेही चालते. ओ-रिंग आणि गॅस्केट मात्र ज्याच्या त्याच्या मापाचे. ग्राफिक्स कार्डाचा मूळ कूलर काढला तर वॉरंटी राहते की जाते, हे कंपनीगणिक आणि देशागणिक बदलते, आणि लॅमिंग्टन रोडवर कार्ड घेताना बिलावर त्याबद्दल एक ओळही नसते.

चाचण्यांचे प्रमाणीकरण हा तिसरा आणि माझ्या मते सर्वांत अडलेला मुद्दा. बहुतेक तुलना २० ते २५ अंशांच्या खोलीत, मोकळ्या टेबलावर होतात. पाणी आणि खोली यांच्यातला फरक खोली तापल्यावरही साधारण तोच राहतो, म्हणून आपली खोली १५ अंशांनी गरम असेल तर चाचणीच्या आकड्यांत १५ मिळवले की आपला आकडा आला असे मानण्याची पद्धत आहे. बंद कॅबिनेटमध्ये ते चुकते, कारण वरचा रेडिएटर खोलीची हवा ओढत नाही, ग्राफिक्स कार्डाने आधीच तापवलेली ओढतो. शिवाय गरम चिपमधून गळणारी वीज वाढते आणि भारच बदलतो. चाचणी करणाऱ्याने रेडिएटरच्या तोंडाशी हवा किती अंशांवर होती, पाणी किती होते आणि वॉट किती होते हे तीन आकडे दिले, तर कुठल्याही हवामानातला वाचक आपला हिशेब स्वतः मांडू शकेल. काही मोजके परीक्षक ते देऊ लागले आहेत. बाकीच्यांचे तक्ते एकाच चाचणीतल्या दोन भागांची तुलना करायला वापरावेत. दोन वेगळ्या चाचण्यांतले आकडे शेजारी ठेवून खरेदी करू नये.